नांदेड–लातूर : पंधरा मिनिटं की तीन तास?

नकाशावर जरा पट्टी ठेवून बघा. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी विमानतळापासून लातूरच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर भरतं साधारण 125 किलोमीटर. एटीआर-72 सारखं छोटं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे फक्त पंधरा मिनिटं! नांदेडला काकांकडे फराळ, लातूरला आत्याकडे जेवण. दिवाळी सेट!

थांबा, आधी हिशेब करू.

घर ते घर

उड्डाण, चढण, उतरण, धावपट्टीवरची रांग धरली तर पंधराची पस्तीस मिनिटं होतात. त्याआधी चेक-इन आणि सिक्युरिटीसाठी तासभर. घरातून विमानतळ गाठायला अर्धा तास. लातूरचं विमानतळ शहरापासून दहा-बारा किलोमीटर बाहेर, म्हणजे उतरल्यावर बॅग आणि रिक्षा धरून आणखी अर्धा तास. बेरीज? अडीच तासांच्या वर. आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडीनं गेलात तर? अडीच ते तीन तास. वाटेत माळेगावच्या खंडोबाला नमस्कार आणि चहा बोनस.

म्हणूनच 2016 च्या मूळ ‘उडान’ योजनेत अंतराची अट 200 ते 800 किलोमीटर होती. खालच्या मर्यादेतून सूट होती ती डोंगराळ, दुर्गम भागांना आणि बेटांना. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमान तीन किलोमीटरही जात नाही, दोन मिनिटांत उतरतं. पण तिथे मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये सोयाबीन आहे!

तुमचं की आमचं?

तरी विमानतळ दोन्हीकडे हवंच. नांदेडचं विमानतळ सजलं 2008 मध्ये, गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लातूरच्या विलासरावांकडून मुख्यमंत्रिपद नांदेडच्या अशोकरावांकडे गेलं. 2009 मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं आणि लातूरकर रस्त्यावर उतरले. पुढे 27 एप्रिल 2017 ला ‘उडान’चं हैदराबादचं विमान सुरू झालं, तेही नांदेडहून.

या चढाओढीत राहून गेली ती रेल्वे. लातूरहून नांदेडला ट्रेननं निघालात तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा अख्खा वळसा. दोन शहरांमधली सरळ लाइन वर्षानुवर्षं मागणीतच अडकलेली. रोज कॉलेजला, कोर्टात, दवाखान्यात जाणाऱ्याला विमान नकोच आहे. त्याला हवी आहे दीडशे रुपयांच्या आत बसणारी पॅसेंजर.

तुमच्यासाठी टिप

मुंबई-पुण्याचे लातूरकर ‘नांदेडपर्यंत फ्लाइट, पुढे बघू’ म्हणतात. बघाच, पण तिकीट काढण्याआधी! फ्लाइट संध्याकाळची असेल तर पुढचे तीन तास अंधारात रस्त्यावर जातात, शिवाय टॅक्सीचं भाडं वेगळं. त्यापेक्षा मुंबईहून रात्रीच्या ट्रेनमध्ये झोपा, सकाळी थेट लातूर. नांदेडलाच जायचं असेल तर मात्र फ्लाइट घ्या, तिथलं विमानतळ शहरालगतच आहे.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका राव. आईच्या हातचा चहा किती वाजता मिळतो, त्यावर मोजा!