गरिबांना मारा!

परवां संध्याकाळीं वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां चिरंजीवांच्या खोलींतून एक कर्कश इंग्रजी घोष कानीं आला. अर्थ उघड होता : गरिबांना मारून टाका! मी तडक उठलों.

“बाबा, ही थट्टा आहे,” चिरंजीव शांतपणें म्हणाले.

सान फ्रान्सिस्कोच्या ‘डेड केनेडीज’ या पंक रॉक मंडळीचा तो 1980 सालचा पहिला संग्रह. इमारतींपेक्षां माणसांनाच अधिक मारणारा न्यूट्रॉन बाँब तेव्हां चर्चेंत होता; दारिद्र्य हटविण्यास याहून स्वच्छ उपाय कोणता, असा त्या गाण्याचा सरकारी आनंद! स्विफ्टनें 1729 सालीं गरिबांचीं मुलें खाण्याची सूचना केली, तिचेंच हें धाकटें भावंड. गायक जेलो बियाफ्रा 1979 सालीं महापौरपदासाठीं उभे राहिले होते. व्यापाऱ्यांनीं विदूषकाचा पोषाख घालावा, ही त्यांची एक योजना. (आमच्या नगरपालिकेंत ती मांडावयास माझी हरकत नाहीं.)

मी खुशींत खुर्ची ओढली. शेवटाकडे कंबोडियाच्या सुटीचें गाणें लागलें. गरिबांच्या दुःखाचें ज्ञान मिरविणाऱ्या सुशिक्षित, सुखवस्तु तरुणांना तें थेट पोल पॉटच्या राज्यांत धाडतें. मी हंसत होतों, तों आठवलें : कॉलेजांत असतांना एका खेड्यांत आठ दिवस राहून आल्यावर मींही ‘मी पाहिलेलें दारिद्र्य’ या विषयावर व्याख्यान झोडलें होतें. टाळ्या पुष्कळ पडल्या. त्या खेड्यांत माझ्या अंघोळीचें पाणी रोज जी बाई विहिरीवरून आणी, तिचें नांव मात्र कांहीं केल्या आठवेना.

“आवाज कमी करूं का, बाबा?”

“राहूं दे,” मी म्हणालों.