सात रुपयांची पद्मिनी

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं ठरलं, की ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही त्यालाही मत असतं. मला सायकलची चेन बसवता येत नाही. शिवाय मी बी.कॉम. आणि बँकेत कारकून. तेव्हा आमच्या नातेवाइकांत माझ्या मताला भलतंच वजन!

गाडी माझ्या साडूंची, म्हणजे त्यांच्या कैलासवासी वडिलांची. 1975 सालची प्रीमियर पद्मिनी, इंजिन 1089 सी.सी. पन्नास वर्षांत सिलिंडर इतके झिजले, की धुराचा लोट पाहून गल्लीतली पोरं डासांच्या फवारणीची गाडी समजून मागे धावू लागली.

आता ब्लॉक कुठला घ्यायचा? ब्लॉक म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो मुख्य ठोकळा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ब्लॉक म्हणजे लेजर, बाकी सगळी व्हाउचरं.

भाचा म्हणाला, "काका, मारुती 800 चं टाका!" पण ते इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीचं उभं, आणि फिरवायची मागची चाकं. वरच्या मजल्यावरच्यांनी अँबॅसडरचं 1800 सी.सी.चं इसुझू सुचवलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पळवाल हो, थांबवाल कशी? चारी चाकांना ड्रमब्रेक आहेत." जिप्सीचं 1298 सी.सी.चं इंजिन उभं बसतं, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, वजनाला हलका. पण त्याच्यापायी माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट असं सगळंच बदलत जायचं. एका कर्जाला चार जामीन! त्यातल्या त्यात सोयरीक जुळत होती 118 एनईच्या निसान इंजिनाशी. कंपनी तीच, 1171 सी.सी., म्हणजे अवघे 82 सी.सी. जास्त.

मी मात्र आर.सी. बुक मागितलं. कारकून दुसरं काय मागणार? इंजिनाचा नंबर तिथे लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, आणि परिवहन कार्यालयाची परवानगी आली. शिवाय केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्थात ती मग रोज भाजीला न्यायची नाही. मान मोठा, काम नाही, निवृत्त मॅनेजरासारखं.

"पण साडूबुवा, एवढा खर्च करण्याइतकी गाडीची किंमत तरी आहे का?" साडूंनी विचारलं.

मी हिशेब मांडला. तेव्हाची किंमत 25,000 धरली आणि दरसाल 15 टक्के घसारा घटत्या मूल्यावर लावला, तर पन्नास वर्षांनी उरतात सात रुपये एकोणचाळीस पैसे. सगळे गप्प झाले.

तेवढ्यात साडूंच्या आई आतून म्हणाल्या, "ते काय इंजिन बदलायचं ते बदला बापडे. पण कोपऱ्यावर गाडी वळली, की मला आवाजानं कळायचं आणि मी ह्यांचा चहा टाकायची. नव्याचा आवाज तसा येईल का रे?"

घसाऱ्याच्या कोष्टकात आवाजाला रकाना नसतो. साडूंनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री जरा वेळाने म्हणाला, "ब्लॉकला चीर नाही, साहेब. बोअर करून स्लीव्ह घालू, 68 मिलिमीटरच्या मूळ मापावर आणू, पिस्टन नवे टाकू. नंबर तोच राहील."

खर्चाचा आकडा त्याने कागदावर लिहून दिला. सात रुपयांच्या मालमत्तेवर तेवढं कर्ज आमची बँक तरी द्यायची नाही. साडूंनी मात्र कागद न बघताच घडी करून खिशात घातला.