घोडं पेंड कुठे खातं

घोड्यासाठी खाऊ भाजणाऱ्याची सगळी हुशारी एकाच प्रश्नापाशी येऊन अडते: गूळ काढून घेतला, तर वडी बांधायची कशाने? ओट, गव्हाचा कोंडा, लसूणघासाची भुकटी, किसलेलं गाजर ही मंडळी आपणहून एकमेकांना धरून राहणारी नव्हेत. गूळ हा त्यांचा मध्यस्थ. पण गुळातलं सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पुण्याच्या शर्यतींचा हंगाम येतो नेमका पावसाळ्यात. सकाळी खणखणीत वाजणारी वडी संध्याकाळी खिशाला चिकटते, मग बुरशी धरते. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. त्यामुळे एका वडीवर ठिपका दिसला तरी अख्खा डबा फेकायचा.

पिढ्यानपिढ्या घोडे गूळ-हरभऱ्यावर पोसले, त्यांना काय झालं, असं जुने मोतद्दार विचारतात. आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्याचं उत्तर चंदीत नाही, चालीत आहे. मुलुखगिरीवरचा घोडा दिवसभर चालून खाल्लेलं जिरवायचा. आजचा तबेल्यातला घोडा तासभर फिरतो आणि उरलेला दिवस खुंट्याशी उभा राहतो. अशा सुटलेल्या, इन्सुलिन बिघडलेल्या घोड्याला साखर भोवते ती खुरांत. खुराची भिंत आतल्या हाडाशी जोडणाऱ्या पापुद्र्यांना इजा होते आणि पाऊल टेकणंही नकोसं होतं. दोन वड्यांनी काय होतंय? धडधाकट घोड्याला काहीच नाही. फक्त दोनवर कोणी थांबत नाही: मालक देतो, त्याची मुलं देतात, पाहुणे देतात, आणि मोजत कोणीच नसतं. दसऱ्याचा खडा तेवढा मी वगळतो; पूजेपुढे इन्सुलिनचं काही चालत नाही.

गुळाच्या जागी मी जवस धरलं. जवसाची पूड उकळत्या पाण्यात कालवली की चिकट बुळबुळीत खळ तयार होते आणि वडी झकास बांधली जाते. पण घोडं पेंड खातं ते इथेच. ही खळ सुकताना चामड्यासारखी चिवट होते. घोड्याच्या तोंडाला लाळ सुटते ती चावताना, खाऊ नुसता पाहून नव्हे. कुरकुरीत वडी दाढेखाली फुटते, लाळेत भिजते, सुखरूप उतरते. चिवट तुकडा अर्धवट चावून गिळला तर अन्ननलिकेत अडकू शकतो. कोंडा वाढवला तर वडी भुगा होते, शिवाय कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं. लसूणघास वाढवली तर तो हिशेब बराच जुळतो, पण वडी पुन्हा ठिसूळ. सध्याचा तोडगा असा: जाडी करंगळीहून कमी, आच मंद, आणि भट्टी विझल्यावर रात्रभर आतच ठेवणं. दाढा झिजलेल्या म्हाताऱ्या घोडीला हेही झेपत नाही. तिला वडी कोमट पाण्यात भिजवून द्यावी लागते. मग भाजली कशासाठी?

सरळ गाजर द्या ना, उभं चिरून, असं कोणी म्हणालं तर माझ्यापाशी प्रामाणिक उत्तर नाही. घोड्याला भाजलेल्या खाऊची गरज नसते. भाजायची हौस माणसाची. बाजारातल्या तयार खाऊवर माझा राग आहे, कारण त्यात काकवीचा मारा असतो आणि वर सफरचंदाचं चित्र. हौशी मंडळींचं तर विचारूच नका. शर्यतीच्या घोड्याला खसखस किंवा चॉकलेट चारलं, तर मॉर्फीन आणि थिओब्रोमीन तपासणीत सापडू शकतं, हे त्यांच्या गावीही नसतं. आणि गोडाचा एवढा अट्टहास कशाला? 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तबेल्यातल्या घोड्यांनी वेगवेगळ्या स्वादांतून पहिली पसंती दिली मेथीला. जिरं गाजराच्या पुढे गेलं, पेपरमिंट गाजराच्याही मागे पडलं. तेव्हापासून मेथी टाकणाऱ्यांची मान जरा ताठ झाली आहे, माझीही. बाकी आकाराचं म्हणाल, तर घोड्याला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. ओठांनी चाचपून तो वडी उचलतो. ती चौकोनी की गोल, त्याला फरक पडत नाही. तरी नालाच्या आकाराचा साचा मी अजून टाकलेला नाही, आणि त्याच्या कडा जळल्या तर घाणा फुकट गेला असंच मला वाटतं.