निजलेल्या पेशींची राखण

फळमाशीची अळी ६० अंश तापलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली, की तिच्या पारदर्शक कातडीखाली बारीक काळे ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे तिच्या रक्तातली एकेक पेशी. माणसाच्या रक्ताच्या कर्करोगाकडे जाणारी एक वाट या ठिपक्यांवरून जाते, हे मला बंगळूरला राहायला आल्यावर कळलं, आणि तेव्हापासून ते मनातून गेलेलं नाही.

हेब्बाळच्या पुढे जक्कूर. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं तिथे दिवसभर घिरट्या घालत असतात. १९८९ साली स्थापन झालेलं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र याच भागात आहे. रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींचा माग मनीषा इनामदार यांनी तिथे वर्षानुवर्षं काढला. २००३ साली त्यांच्या गटानं एका नव्या जनुकाची नोंद केली आणि त्याचं नाव ठेवलं असृज, म्हणजे रक्त. हे जनुक माशीत आहे, उंदरात आहे, तुमच्याआमच्यातही आहे.

अळीच्या हृदयनलिकेला बिलगून एक इवलीशी ग्रंथी असते. तिच्यात काही पेशी कच्च्याच राखून ठेवलेल्या असतात, पुढच्या गरजेसाठी. असृज नसलं की त्या कच्च्या राहत नाहीत, घाईघाईनं पिकतात आणि काळे ठिपके वाढतात. २०११ साली याच प्रयोगशाळेनं हे दाखवून दिलं.

माझ्या मावशीला ल्युकेमिया झाला, तेव्हा आमच्या घरात एकच शब्द होता : काउंट. आज काउंट किती आला? पांढऱ्या पेशी वाढल्या की उतरल्या? रिपोर्टच्या कागदावरचा एक आकडा सगळ्यांचा चेहरा ठरवायचा. रक्त बिथरलंय, एवढंच आम्हांला समजत होतं. इतकी वर्षं ते बिथरलं कसं नाही, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही. मज्जेत रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार होतात, पांढऱ्या वेगळ्याच. एवढा कारखाना रात्रंदिवस चालतो तो मूठभर मूळ पेशींच्या जिवावर, आणि त्यांतल्या बहुतेक जणी बहुतेक वेळ चक्क निजलेल्या असतात. त्यांचं निजणं हेच मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतं.

२०१९ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात इनामदार यांच्या गटाचं उंदरांवरचं काम आलं. असृज काढून टाकलेले उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. वरून पाहता काही बिघाड नाही. सहा महिन्यांचे होईतो मात्र त्यांच्या रक्तातल्या पेशी वाढल्या, प्लीहा सुजली, मज्जेतल्या मूळ पेशींची निज मोडली.

याचं कारण पी५३ पर्यंत जातं. पेशीला अकारण वाढू न देणारं हे प्रथिन. कर्करोगात त्याचं जनुकच बिघडतं, असं आपण ऐकत आलो आहोत. पण रक्ताच्या कर्करोगांत तसा बिघाड जेमतेम ११ टक्क्यांत आढळतो. मग उरलेल्यांत काय होतं? एक शक्यता अशी : राखणदार धडधाकट असतो, पण त्याला हाकलून दिलं जातं. सीएसएन५ नावाचं प्रथिन पी५३ वर नाशाचा शिक्का बसवायला लावतं आणि पेशीची मोडतोड-यंत्रणा त्याची विल्हेवाट लावते. असृजचं प्रथिन या सीएसएन५ ला धरून ठेवतं. ती पकड सुटली, की पी५३ संपतं.

याच उंदरांना किरणांचा मारा दिला किंवा फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल हे केमोथेरपीतलं औषध वारंवार टोचलं, तर त्या जाग्या, धावत्या मूळ पेशी झपाट्यानं संपून गेल्या आणि उंदीर लवकर मेले. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. आधी नको तितकं वाढणं आणि नंतर पार रितं होणं, दोन्ही एकाच मोडलेल्या निजेतून आलेली.

अर्थात उंदरातलं कोडं उकललं म्हणजे औषध हाती आलं असं नव्हे. अजून बरीच मजल मारायची आहे. पण माणसं कामाला लागलेली आहेत. इनामदार पुढे बंगळूरच्याच इन्स्टेम संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांच्याकडे माशीतल्या असृजवर काम केलेले रोहन खाडिलकर आता नवी मुंबईत, खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात, स्वतःची प्रयोगशाळा चालवतात. तिथे एकाच आवारात माश्यांच्या बाटल्या आहेत आणि काउंटची वाट पाहणारे रुग्णही.