रेनकोटाखालचं हत्यार



गेल्या पावसाळ्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मिस्सा संपल्यावर अंगणात गाठून आम्हां दोघांना एकच प्रश्न विचारला आहे, “मग, घेतलं का शेवटी?” प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढावं, म्हणून हा लेख.

काय घडलं ते रामनगर, जगलबेटकडच्या लोकांना ठाऊकच आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. फेस्ताचं कलेक्शन आणि आजारी लोकांच्या मदतीचे पैसे मिळून अठरा हजार चारशे रुपये घेऊन आम्ही स्कूटरवरून परत येत होतो. पाऊस होता, अंधार पडत आला होता. रानातल्या एका वळणावर दोन मोटारसायकली आडव्या आल्या. एकाच्या हातात कोयता होता. त्यांनी पिशवी घेतली, मोबाइल घेतला, स्कूटरची चावी काढून झाडीत फेकली आणि निघून गेले. या सगळ्याला आमच्या पित्याची प्रार्थना एकदा म्हणून होईल इतकाच वेळ लागला असेल. ती प्रार्थना तेव्हा आम्हांला सुचली नाही, हेही कबूल करतो.

पैशांचं दुःख लवकर ओसरलं. पण त्या वळणापलीकडच्या वाडीत एक म्हाताऱ्या बाय अंथरुणाला खिळून आहेत. दर शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे रोजरीला जायचो, औषधं आणि तांदूळ पोचवायचो. त्या प्रसंगानंतर सहा शुक्रवार आम्ही गेलो नाही. कधी पावसाचं कारण सांगितलं, कधी गाडीचं. खरं कारण भीती.

तेव्हा मुलांचे मामा आले. ते सैन्यात होते, बेळगावच्या मराठा सेंटरमधून बाहेर पडलेले. म्हणाले, “भावोजी, देवावर विश्वास ठेवा, पण ताईला स्कूटरवर मागे बसवून रिकाम्या हाताने रानातून फिरू नका. खिशात मावेल असं लहान, भरवशाचं काहीतरी घ्या.”

आमच्या तालुक्यात बंदूक नवी नाही. शेतकऱ्याच्या घरी ठासणीची बंदूक असते, रानडुकरांना आणि माकडांना भातातून, केळीतून पळवायला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीला वेगळी वाट करून दिलेली आहे. निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा करावी लागते आणि नेमकं तेव्हाच डुकरांना ते कळतं, असं आमचे शेजारी म्हणतात. पण ती सगळी बंदूक पिकासाठी, उघड्यावर, आवाजासाठी. माणसासाठी, लपवून, कमरेला बाळगायची गोष्ट निराळी. ती आमच्या घरात कधी नव्हती.

तरी आम्ही चौकशी केली, आणि मन लावून केली. कारवारपेक्षा बेळगाव आम्हांला जवळ, म्हणून तिथल्या एका दुकानात मामांबरोबर गेलो. सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारं लहान हत्यार म्हणजे मुख्यतः .३२ बोअरचं. नऊ मिलिमीटरसारखी पोलिसांकडची आणि लष्करातली पिस्तुलं आपल्यासाठी निषिद्ध. सरकारी कारखान्यांत .३२ चं पिस्तूलही होतं आणि रिव्हॉल्वरही. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्वर आणलं होतं, वजन अर्धा किलो, किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. ती ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात त्या बायचे किती वर्षांचे तांदूळ येतील याचा हिशेब दोघांच्याही डोक्यात एकदमच चालू झाला होता.

मामांनी समजावलं ते असं. पिस्तूल चपटं असतं, कपड्यांखाली दिसत नाही, गोळ्याही जास्त मावतात. पण ते जितकं लहान तितकं नखरेल. मूठ सैल पडली तर वरचा भाग पुरता मागे जात नाही आणि काडतूस मध्येच अडकतं. मग दोन्ही हातांनी ते मोकळं करावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाचे हात तेव्हा लोण्यासारखे होतात. रिव्हॉल्वर फुगीर असतं, कमरेला टोचतं, गोळ्या कमी. पण एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. ज्याला सराव नाही त्याने रिव्हॉल्वर घ्यावं, असं त्यांचं मत पडलं. आमच्याकडच्या पावसात तर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. लोखंडाला आठवड्याला तेलपाणी केलं नाही तर भरवसा कसला?

मग त्यांनी विचारलं, “सराव कुठे करणार?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. व्याघ्र प्रकल्पाच्या रानात नेमबाजी करता येत नाही, आणि वर्षातून एकदा दूर जाऊन चार गोळ्या झाडणं म्हणजे सराव नव्हे. मामांनी दुकानातून बाहेर पडताना आम्हांला शाळकरी मुलांसारखं उभं केलं. रेनकोट घाला, गुंड्या लावा, दोन्ही हात स्कूटरच्या हँडलवर आहेत असं समजा, आता कमरेचं काढून दाखवा. काढायला पेन होतं. ते बाहेर येईपर्यंत मामांनी स्वतःच अंक मोजणं सोडून दिलं. गंमत अशी की कायद्यालाही हत्यार झाकलेलंच हवं असतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकून आणि आपल्या ताब्यात ठेवावं लागतं. म्हणजे पावसाळ्यात ते रेनकोटाखालीच.

त्या रात्री आम्ही दाविदाची गोष्ट वाचली. शौलाने त्याला आपलं चिलखत आणि तलवार घातली, दाविदाने चालून पाहिलं आणि उतरवून ठेवली, कारण त्याला त्याची सवय नव्हती. लहानपणापासून ही गोष्ट आम्ही विश्वासाची म्हणून ऐकत आलो. पण त्या मेंढपाळाच्या पोराला व्यवहारही चांगला कळत होता.

दुसरी गोष्ट पेत्राची. लूकच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनानंतर शिष्य दोन तलवारी दाखवतात आणि प्रभू तेवढं पुरे म्हणतो. म्हणजे शिष्यांजवळ हत्यार होतं, आणि ते प्रभूला ठाऊक होतं. गेथसेमनी बागेत पेत्राने ते उपसलं आणि मल्खाचा उजवा कान कापला. आम्हांला राहून राहून वाटतं की पेत्राचा नेम कानावर नसावा. तो कोळी, हात जाळ्याला सरावलेला, रात्रीची वेळ, जिवाची भीती. वार चुकला म्हणून मल्ख वाचला. आणि तो कान प्रभूने हात लावून बरा केला, हे एकट्या लूकने लिहिलं आहे. आमच्या हातून असा कान, किंवा त्याहून जास्त काही, गेलं तर जोडणार कोण?

फादरांकडेही गेलो. ते तलवार म्यानात घालण्यावर प्रवचन देतील असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. ते म्हणाले, “ख्रिस्तसभा स्वसंरक्षणाला पाप म्हणत नाही. ज्याच्यावर दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आहे त्याचं तर ते कर्तव्यही ठरू शकतं. पण बळ गरजेपुरतंच वापरावं, हे संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून सांगितलं जातंय.” आणि मग विचारलं, “त्या दिवशी गरज किती होती? अठरा हजारांची?” कोयतेवाल्यांनी आम्हांला बोटही लावलं नव्हतं. पुढच्या वेळी लावणार नाहीत याची हमी फादर देऊ शकत नव्हते, आणि त्यांनी दिलीही नाही.

इथे खरं सांगायला हवं की आम्हां दोघांचं अजून एकमत नाही. आमच्यापैकी एकाला वाटतं, घरात सात वर्षांचा नातू सुट्टीला येतो, तो सगळे खण उघडतो, म्हणून हत्यार नकोच. कुलुपाची पेटी ठेवली तरी किल्ली कुठे आहे ते त्याला आमच्या आधी सापडतं. दुसरी म्हणते, स्कूटरवर मागे बसल्यावर पाठ कशी उघडी पडते ते पुढे बसणाऱ्याला कळत नाही. हे ऐकल्यावर पुढे बसणाऱ्याने वाद घालायचं सोडलं. परवान्याचा अर्ज आणलेला आहे. त्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो, हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी लागते, पोलीस चौकशी होते, आणि परवाना पाच वर्षांचा मिळतो. अर्जावर नाव आणि पत्ता भरला आहे. कारणाचा रकाना कोरा आहे. तो पवित्र शास्त्राखालच्या खणात आहे.

दरम्यान काही गोष्टी बदलल्या. कलेक्शन आता वाडीतच दोघांसमोर मोजून वहीत लिहिलं जातं आणि सोमवारी दिवसाढवळ्या बँकेत जातं. मदतीचे पैसे शक्य तिथे थेट खात्यावर. आमच्या पिशवीत रोजरी, टॉर्च आणि गोळ्या असतात, त्या रक्तदाबाच्या. ही रिकामी पिशवी हीच आमची सर्वांत स्वस्त सुरक्षा, असं मामाही मान्य करतात, जरा नाखुशीने. आणि आम्ही एकटे जात नाही. प्रभूने शिष्यांना दोघा-दोघांना पाठवलं होतं. आम्ही चौघे जातो, दोन गाड्या. युवक मंडळातल्या दोन मुलांनी शुक्रवार वाटून घेतले आहेत. रेंज जाते त्या टप्प्याआधी एक फोन, पलीकडे पोचल्यावर दुसरा. दुसरा आला नाही तर रामनगरहून जीप निघायची असं ठरलं आहे.

सातव्या शुक्रवारी त्या वळणावर पोचलो तेव्हा रस्त्यात गवे उभे होते, पाच-सहा. मुलांनी इंजिन बंद करायला लावलं. वीस मिनिटं पावसात थांबलो. कुणी बोललं नाही. ज्या जागी आम्हांला आडवलं होतं तिथेच थांबलो होतो, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. मग गवे उतरून गेले. बायच्या घरी दुसरा फोन केला. त्यांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता? आम्ही खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “भ्यायला होय झालं होतं? मग तसं सांगायचं की. मी उगाच समजले, माझा कंटाळा आला.” आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.