एक नाव, दोन झाडे : यवतमाळच्या अंगणातील कण्हेर आणि बिट्टी

वर्धेहून देवळी मागे टाकून यवतमाळच्या दिशेने निघाले की वर्धा नदीच्या पुलावर जिल्हा बदलतो. कपाशीची काळी जमीन, मधूनच सागाचे विरळ रान, आणि गाव जवळ आल्याची खूण म्हणून घरांच्या कुंपणाशी उभी असलेली गुलाबी-पांढऱ्या फुलांची कण्हेर. दक्षिणेला पैनगंगेपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात वणीला जा, पुसदला जा किंवा दारव्ह्याला, हे झाड भेटल्यावाचून राहत नाही. वैशाखाच्या उन्हात इतर फुलझाडे माना टाकतात, तेव्हाही कण्हेर फुललेली असते. तिची पाने चामड्यासारखी जाड असल्यामुळे ती थोड्या पाण्यावर तग धरते, हे एक कारण. दुसरे कारण खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते : हिला शेळी तोंड लावत नाही. जिथे शेळ्या मोकळ्या फिरतात, तिथे राखणीवाचून टिकणारे फुलझाड बहुधा काटेरी तरी असते, नाहीतर विषारी. कण्हेरीला काटे नाहीत.

तिच्या शेजारी पुष्कळदा दुसरे एक झाड उभे असते. फुले पिवळी, कधी केशरी, नरसाळ्याच्या आकाराची आणि अर्धवट मिटल्यासारखी. पाने अरुंद, तुकतुकीत. लोक हिलाही कण्हेरच म्हणतात, पिवळी कण्हेर. जुन्या माणसांच्या तोंडी हिचे नाव बिट्टी. दोन्ही झाडे एकाच वनस्पतिकुळातील असली तरी त्यांची माहेरे निराळी. लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची कण्हेर भूमध्य समुद्राच्या काठापासून आशियापर्यंतच्या प्रदेशातील जुनी रहिवासी. संस्कृतात ती ‘करवीर’ आणि ‘अश्वमारक’, म्हणजे घोड्याला मारणारी, या नावांनी ओळखली जाते. बिट्टी मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली पाहुणी. शोभेसाठी आली आणि इथलीच झाली.

दोघींतील फरक नीट पाहून ठेवावा. कण्हेरीची पाने फांदीवर बहुधा तीन-तीनच्या वेढ्यात येतात आणि फुलाच्या घशाशी झालरीसारखे तंतू असतात. तिला लांब, बारीक शेंगा लागतात. त्या तडकल्या की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. बिट्टीची पाने एकेक करून फांदीभोवती येतात, पान तोडताच पांढरा चीक भळभळतो, आणि तिला शेंगेऐवजी हिरवे, कोनेदार फळ लागते. ते पिकून काळे पडते. आत टणक कोय आणि कोयीत बिया. गोट्या-गजग्यांसारखा या कोयींचा खेळ अनेक आजी-आजोबांच्या बालपणात होता. त्या खेळाच्या आठवणीने झाडाविषयीची भीती कमी झालेली असते, आणि नातवंडांच्या बाबतीत तीच गोष्ट धोक्याची ठरते.

यवतमाळच्या वाटेवरच कळंब लागते. चिंतामणीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून, जमिनीच्या पातळीखालच्या गाभाऱ्यात जावे लागते. गणपतीचा आणि कण्हेरीचा संबंध जुना आहे. भाद्रपदातील चतुर्थीला वाहावयाच्या एकवीस पत्रींत करवीरपत्र आहे. धोत्रा आणि रुईदेखील आहेत. देवाला विषारी पान चालते, याचा अर्थ ते माणसाने किंवा जनावराने खावे असा नव्हे. अडचण पूजेत नसून पूजेनंतर आहे. निर्माल्य गोठ्यात किंवा उकिरड्यावर टाकले जाते आणि गाई-शेळ्या त्यात तोंड घालतात. ताजे कडू पान टाळणारे जनावरही सुकलेला पाला इतर चाऱ्याबरोबर खाऊन जाते, आणि कण्हेरीचे विष पान सुकल्याने जात नाही. कुंपण छाटल्यानंतर पडलेल्या फांद्यांनाही हेच लागू आहे. पत्री व छाटलेला पाला खड्ड्यात पुरावा, हा या झाडाबरोबर राहण्याचा पहिला नियम.

आता दोघींच्या विषाकडे वळू. कण्हेरीत ओलिअँड्रिन आणि बिट्टीत थेवेटिन यांसारखी द्रव्ये असतात. ती सगळी एकाच घराण्यातील, हृदयावर थेट काम करणारी. हृदयाच्या पेशींवर सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक सूक्ष्म पंप असतो. ही द्रव्ये तो अडवतात. मग नाडी मंद होते, ठोके अनियमित पडतात, रक्तातील पोटॅशियम वाढते. दोन्ही झाडांचे सर्वच भाग विषारी आहेत, तरी व्यवहारात धोक्याची जागा वेगळी. कण्हेरीत भय पानाचे आणि मुळाचे, कारण काढा, दातवण, उगाळलेले मूळ अशा रूपांत तेच घरात शिरते. बिट्टीत भय बीचे. विष तिथे सर्वांत एकवटलेले असते, आणि पडलेले फळ लहान मुलाच्या हाती सहज लागते.

ज्येष्ठांच्या घरात या माहितीला आणखी एक पदर आहे. हृदयाची पंपशक्ती कमी झालेल्या किंवा ठोके अनियमित झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर डिगॉक्सिनची गोळी देतात. तीही मूळ वनस्पतीतीलच. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने डिजिटॅलिस या झाडाच्या औषधी उपयोगाविषयीचा आपला ग्रंथ १७८५ साली प्रसिद्ध केला. त्याच घराण्यातून हे औषध आले. डिगॉक्सिन आणि कण्हेरीची द्रव्ये शरीरात एकाच पंपावर काम करतात. या औषधाची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे असते, आणि वयोमानाने मूत्रपिंडे मंदावली की ते आणखी कमी होते. अशा व्यक्तीने कुणाच्या सांगण्यावरून कण्हेरीचा काढा घेतला, तर गोळी आणि झाड यांचा परिणाम एकत्र होतो. मळमळ, भूक मरणे, थकवा, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणे ही लक्षणे वयाच्या नावावर खपून जातात आणि मौल्यवान वेळ निघून जातो.

‘पण आयुर्वेदात कण्हेर आहे ना?’ असा प्रश्न हमखास येतो. आहे; पण उपविषांच्या यादीत. शोधन केल्यावाचून ती वापरू नये, असे शास्त्रच सांगते. अंगणातील पाने पातेल्यात उकळणे म्हणजे शोधन नव्हे, आणि उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही. सांधेदुखी, नायटा किंवा मूळव्याध यांवर ऐकीव उपाय म्हणून हे झाड पोटात घेऊ नये आणि फुटलेल्या त्वचेवरही लावू नये. कण्हेरीच्या काटकीचे दातवण करू नये. रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवताना किंवा चुलीत जळण घालताना तिच्या वाळक्या फांद्या वापरू नयेत. धूरही त्रासदायक असतो. फुले ठेवलेल्या भांड्यातील पाणी लगेच ओतून टाकावे. झाड छाटल्यावर हात साबणाने धुवावेत; चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

चुकून काही पोटात गेलेच, तर काय करावे? तोंडातील उरलेला भाग काढून चूळ भरावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. दूध-तुपाचे उपाय करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पान किंवा फळ पिशवीत घालून सोबत न्यावे आणि रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो, त्याची चिठ्ठीही न्यावी. दोन तास बरे वाटले म्हणून घरी थांबू नये. ठोक्यांची गडबड उशिराही सुरू होऊ शकते; म्हणून हृदयाचा आलेख आणि रक्तातील पोटॅशियम वारंवार तपासावे लागते. या विषावर डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे औषध आहे, पण ते महाग असून सर्वत्र सहज मिळत नाही. म्हणून खेड्यातून निघण्यास उशीर न करणे हाच मोठा उपचार. यवतमाळ शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पण झरी-जामणी किंवा उमरखेडसारख्या तालुक्यांतून तिथवर पोहोचायला वेळ लागतो. आधी जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

विष म्हटले की या जिल्ह्याला २०१७ साल आठवते. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून फवारणीच्या डब्याकडे लोक जपून पाहू लागले. कण्हेरीच्या अंगावर मात्र इशाऱ्याचे चिन्ह छापलेले नसते. ते चिन्ह घरातील जाणत्या माणसाने शब्दांनी द्यावयाचे असते.

मग ही झाडे उपटून टाकावीत काय? सरसकट नव्हे. घरात सगळे जाणते असतील, तर कुंपणाबाहेरची कण्हेर राहू द्यावी. उन्हाळ्यात डोळ्यांना तिच्याइतका विसावा देणारी झाडे इथे थोडीच आहेत. परंतु रांगते मूल, वस्तू तोंडात घालणारे नातवंड किंवा विस्मरणाचा विकार जडलेले वडीलधारे माणूस घरात असेल, तर फळ धरणारी बिट्टी अंगणात ठेवू नये. तिच्या जागी जास्वंद लावावी, मोगरा लावावा. गणपतीला जास्वंद प्रियच आहे. आणि जिथे कण्हेर राहील, तिथे सून, मुलगा, नातवंडे, कामाला येणारी बाई आणि रात्री सोबतीला असणारी परिचारिका, सर्वांना झाडापाशी नेऊन एकदा नावानिशी दाखवावे : ही कण्हेर, ही बिट्टी, पाहावे, देवाला वाहावे, पण तोंडात घालू नये.