समजा, मी क्ष…

सप्टेंबर २०२३. वायव्य लंडनमधली एक शाळा, ‘इयर नाइन’चा वर्ग, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची पोरं. शुक्रवारचा शेवटचा तास. एका मुलीने वही दाखवत विचारलं, “मिस, हे बरोबर आहे?” मी मान डोलावली. अगदी आपली वडाळा स्टाइल! ती माझ्याकडे बघतच राहिली. “मिस, हे हो आहे की नाही?”

झालं! पुढची दहा मिनिटं माझ्यासमोर अठ्ठावीस माना तंजावरच्या बाहुल्यांसारख्या डुलत होत्या. गणित गेलं उडत.

आता मी काही कालची पोरगी नव्हते. वडाळ्याच्या एका मराठी शाळेत सेमी-इंग्लिशला सात वर्षं गणित शिकवलेलं. दहावीचे वर्ग, साठ-साठ मुलं. मी दारात पाऊल टाकलं की बाक सरकवत सगळे उभे राहायचे आणि ‘एऽऽक साऽऽथ नमस्तेऽऽ’ सुरू व्हायचं. बाई नुसत्या बघायच्या आणि वर्ग चिडीचूप. मला वाटायचं, ही आपली पर्सनॅलिटी! लंडनला गेल्यावर कळलं, पर्सनॅलिटी वगैरे काही नाही, तो खुर्चीचा मान होता. आणि खुर्ची वडाळ्यातच राहिली होती.

मुळात मी तिथे गेले कशी? तर फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडने भारत, नायजेरिया, घाना, जमैका अशा ठिकाणच्या शिक्षकांसाठी एक नवी वाट उघडली. क्यूटीएस, म्हणजे तिथल्या शाळेत पात्र शिक्षक म्हणून शिकवायचा दर्जा, आपल्या बी.एड. आणि अनुभवाच्या जोरावर थेट मागता येऊ लागला. अट एकच. आपल्याकडच्यांचा विषय गणित, विज्ञान किंवा भाषा हवा. गणिताच्या शिक्षकांची तिथे टंचाई! मैत्रिणीने लिंक पाठवली, मी अर्ज ठोकला, ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला आणि चक्क नोकरी लागली. आउटर लंडनचा सुरुवातीचा पगार, वर्षाला ३४,५१४ पौंड. बाबांनी लगेच चष्मा लावून कागदावर शंभराने गुणलं. “अगं, चौतीस लाख!”

पण बाबांनी वजाबाकी केली नव्हती. व्हिसाची फी, पोलिस क्लिअरन्स, तिकीट, त्यावर हेल्थ सरचार्ज, वर्षाला ६२४ पौंड आणि तोही तीन वर्षांचा आगाऊ. बाबा गोदीत नोकरी करून रिटायर झालेले. त्यांच्या फंडातले पैसे मोडून मी विमानात बसले. त्यामुळे ‘नाही जमलं तर परत येईन’ हे वाक्य मी एअरपोर्टवर हसत हसत म्हटलं असलं, तरी त्याचा अर्थ काय होतो हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

वेम्बलीत एक रूम घेतली. भाडं, टॅक्स आणि ट्यूबचा पास जाऊन हातात काय उरतं ते मी बाबांना कधी सांगितलं नाही. इलिंग रोडवर मेथीपासून तोंडल्यापर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे पोटाचं टेन्शन नव्हतं. टेन्शन होतं ते सकाळी साडेआठनंतरचं.

पहिल्या आठवड्यात मी बोर्डवर ‘एक लाख’ लिहिलं, आपण लिहितो तसं. १,००,०००. मागून आवाज आला, “मिस, कॉमा चुकलाय.” खरंच की! त्यांचा कॉमा हजारावर पडतो आणि मग थेट दशलक्षावर. लाख ही भानगडच त्यांना माहीत नाही. धडा संपल्यावर मी सवयीने विचारलं, “एनी डाउट्स?” तर पोरं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली. डाउट म्हणजे त्यांच्या लेखी शंका नाही, अविश्वास. मग ‘एनी क्वेश्चन्स’ म्हणायची सवय लावून घेतली. शिवाय माझे उच्चार, माझी मान, बोर्डवर लिहिताना पाठ फिरवायची माझी पद्धत. सगळ्याची नक्कल होत होती, आणि अगदी परफेक्ट होत होती!

तिथल्या एका गोष्टीने मात्र मी पहिल्याच दिवशी खूश झाले. प्रत्येक मुलाला एक छोटा व्हाइटबोर्ड असतो. प्रश्न विचारला की सगळ्यांनी त्यावर उत्तर लिहून एकदम वर धरायचं. म्हणजे चक्क आपली पाटी! आपल्याकडे पहिल्या बाकावरचे तिघे हात वर करतात आणि बाईंना वाटतं वर्गाला समजलं. इथे अठ्ठावीस पाट्या एका क्षणात सांगतात, कुणाला कळलं आणि कुणाला नाही. माझ्या वर्गात मात्र पाट्यांवर उत्तरांपेक्षा माझी कार्टूनंच जास्त निघायची.

तिसऱ्या आठवड्यात कडेलोट झाला. मागच्या कोपऱ्यात एक मुलगा सतत बडबडत होता. (त्याचं नाव लिहीत नाही. मुलांची नावं बाहेर सांगायची नाहीत हे तिथे आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये पढवतात.) मी ओरडले, “यू! निळा स्वेटर! उभा राहा!” आता युनिफॉर्मच निळा, त्यामुळे अठ्ठावीस निळे स्वेटर माझ्याकडे बघायला लागले. मी बोट रोखलं. तो उठला नाही. शांतपणे म्हणाला, “मला नाव आहे, मिस.”

मला ते नाव माहीत नव्हतं. तीन आठवडे रोज हजेरी घेऊनही! खरं सांगायचं तर हजेरीच्या वेळी मी ते पुटपुटून पुढे जायचे. तो एकटाच नव्हता. कुणाचं नाव पोलिश, कुणाचं सोमाली, कुणाचं तमिळ. एक आयरिश नाव मी स्पेलिंगप्रमाणे ‘नियाम’ वाचलं होतं, उच्चार निघाला ‘नीव’! एकदा हसं झाल्यावर मी नावं घेणंच टाळायला लागले. वडाळ्यात तर कधी अडलंच नव्हतं. तिथे हजेरी नंबराने. “बावीस, फळ्यावर ये. एक्केचाळीस, खिडकी बंद कर.” साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, नंबरच सोयीचा.

त्या मुलाला मी डिटेन्शन दिलं. शाळा सुटल्यावर अर्धा तास तो आणि मी समोरासमोर बसलो. दोघांनाही शिक्षा झाली होती.

तिथे शिक्षकांच्या राजीनाम्याचं एक कॅलेंडर असतं. डिसेंबरअखेर नोकरी सोडायची तर ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावं लागतं. ती तारीख चुकली की गाडी थेट वसंतात. त्या रात्री मी ईमेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. रोज झोपताना उघडायचे, एखादं विशेषण बदलायचे आणि बंद करायचे. फक्त बाबांचा फंड आठवला की बोट ‘सेंड’वरून मागे यायचं.

मग हाफ-टर्मची आठवडाभर सुट्टी आली. त्यातच दसरा, २४ ऑक्टोबर. मी रूमवर एकटी. घरी व्हिडिओ कॉल केला तर आई तोरण लावत होती. “शाळा कशी चाललीय गं?” “मस्त.” असं म्हणून कॅमेरा जरा खाली केला. संध्याकाळी बसवेना, म्हणून ट्यूबने दोन स्टेशनं पलीकडे डॉलिस हिलला उतरले आणि महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूवरून उगाच चालत गेले. हे मंडळ १९३२ चं! नव्वद वर्षांत किती जणांनी असाच कॅमेरा खाली केला असेल, असं वाटून गेलं. तेव्हा कॅमेरा नव्हता, पण पत्रं होती. पत्रातही ‘येथे सर्व क्षेम’च लिहितात ना!

परत येताना मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. ‘बाई, दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा. लंडनला गेलात असं कळलं. मी २०१९ चा, दहावी ब, ३४ नंबर. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलंय. आज पहिला दसरा. तुम्ही शेकडेवारी शिकवलेली कामाला येते.’

प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून मी तो मेसेज चार वेळा वाचला. त्याने नाव लिहिलंच नव्हतं! विसरला नव्हता तो. बाईंना नावाने कळणार नाही, नंबराने कळेल, हे त्याला माहीत होतं. आणि त्याचा अंदाज बरोबर होता. डोळ्यांसमोर तिसऱ्या रांगेतला चेहरा आला, पण नाव काही येईना.

मी आईला फोन लावला. वडाळ्यात रात्रीचे साडेअकरा. “आई, माळ्यावर माझ्या मार्कांच्या डायऱ्या आहेत, २०१९ ची काढ ना.” “आत्ता? दसऱ्याच्या रात्री?” “आत्ता.” बाबांनी शिडी धरली, आई चढली. वीस मिनिटांनी पानाचा फोटो आला. ३४ च्या पुढे त्याचं पूर्ण नाव, आणि गणितात ४१ मार्क. मी त्याला नावाने उत्तर पाठवलं. पलीकडून नुसते तीन आश्चर्याचे इमोजी!

उरलेली सुट्टी मी काय केलं माहितीय? शाळेच्या सॉफ्टवेअरवर मुलांचे फोटो असतात. ते उघडून बसले. पाच वर्ग, एकशे चाळीसच्या आसपास मुलं. पाढे पाठ करतात तसे चेहरे पाठ केले. पण उच्चारांचं काय?

सोमवारी शाळेत आमच्या गणित विभागाच्या हेडला विचारलं. ती स्वतः वीस वर्षांपूर्वी नायजेरियातून आलेली. ती हसून म्हणाली, “विचार ना त्यांनाच. गणित कुठे पळून जात नाही.”

मंगळवार, ३१ ऑक्टोबर. शेवटचा तास, तोच वर्ग. मी प्रत्येकाच्या पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, “आज उत्तर नाही लिहायचं. तुमचं नाव लिहा, आणि खाली ते जसं ऐकायला आवडेल तसं.” पाट्या वर आल्या. मी एकेक नाव मोठ्याने वाचलं. चुकले की ती मुलं सुधारायची, मी पुन्हा म्हणायचे. हसली? हसली ना! पण या वेळी मला नाही, माझ्याबरोबर. कोपऱ्यातल्या त्या मुलाची पाटी शेवटी आली. दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. तो म्हणाला, “ओके. आता तुमचं, मिस. ‘मिस के’ हे काही तुमचं नाव नाही.”

माझं आडनाव ‘क्ष’ने सुरू होतं. ते कुणाला म्हणता येणार, असं समजून मीच पहिल्या दिवशी ‘मिस के’ चालेल असं सांगून टाकलं होतं. स्वतःचंही नाव मी गिळलं होतंच की!

मी बोर्डवर मोठ्ठा ‘क्ष’ काढला. म्हटलं, “हे माझ्या नावाचं पहिलं अक्षर. आणि गंमत सांगू? माझ्या भाषेत बीजगणित शिकताना तुम्ही जिथे एक्स लिहिता, तिथे आम्ही हेच अक्षर लिहायचो. समजा, क्ष. एक्स-रे पण आमच्याकडे क्ष-किरण.”

एक क्षण शांतता. मग कोपऱ्यातून, “म्हणजे तुम्ही मिस एक्स! ज्याची किंमत अजून काढायचीय ती!”

वर्ग पुन्हा फुटला आणि मी पण. त्यानंतर अठ्ठावीस तोंडं ‘क्ष’ म्हणायचा प्रयत्न करत होती. कुणी शिंकल्यासारखं, कुणी सोडा उघडल्यासारखं. उरलेल्या पंचवीस मिनिटांत आम्ही समीकरणं सोडवली. एक्सच्या जागी क्ष घालून! पाट्यांवर अठ्ठावीस वाकडेतिकडे क्ष आणि त्यातली एकोणीस उत्तरं बरोबर.

तो ईमेल त्या रात्री डिलीट केला.

हिंदी सिनेमासारखं सगळं एका तासात गोड झालं असं समजू नका हं. पुढच्याच शुक्रवारी त्याच मुलाला मी पुन्हा डिटेन्शन दिलं. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडायचा तेव्हा घरची आठवण अजूनच छळायची. पण फरक पडला होता. मी नावाने हाक मारली की आधी मान वर यायची, आणि मान वर आली की पुढचं जमवता येतं. डिटेन्शनच्या त्या अर्ध्या तासातही आम्ही आता बोलायला लागलो. त्याचं नाव त्याच्या आजीने ठेवलंय, हे मला तिथेच कळलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, नव्या टर्मच्या आधी, गणपतीला वडाळ्यात आले होते. कात्रक रोडवरच्या गर्दीत मागून ओळखीची हाक आली, “बाई!” वळून बघते तर तिसऱ्या रांगेतला चेहरा, आता दाढीवाला. मी त्याला नावाने हाक मारली. तो थबकला.

“बाई, तुमच्या अजून लक्षात आहे?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण म्हटलं, “लक्षात नव्हतं रे. डायरीतून शोधलं. तेव्हाच पाठ करायला हवं होतं.”

तो हसला, बाबांच्या हातातली मोदकांची पिशवी त्याने काढून घेतली आणि गर्दीतून वाट काढत आमच्या पुढे चालू लागला. “चला बाई, दुकान दाखवतो. पाटीवर नाव टाकलंय, मोठ्ठं.”